चार दारांची मोठी अमेरिकन गाडी स्वस्त का मिळते?

डेट्रॉइटजवळ नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा मागच्या महिन्यात फोन आला. "मामा, तू हसशील, पण मला जुनी अमेरिकन गाडी घ्यायचीय. लांबलचक, चार दारांची. इम्पाला, कॅप्रिस, ग्रँड मार्की, असलं काहीतरी. बजेट दहा हजार डॉलर. तू इतिहासाचं एवढं वाचतोस, कुठल्या सालातली बघू ते सांग."

हसलो नाही. गाड्यांमधलं मला मेकॅनिकइतकं कळत नाही, पण "कुठल्या सालातली" हा प्रश्न खरोखरच इतिहासाचा आहे. त्यात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच सालातली, त्याच कंपनीची, तेच इंजिन असलेली दोन दारांची किंवा उघड्या छताची गाडी त्याच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे जाते. चार दारांची मात्र आवाक्यात असते. अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत आज ४५ हजार डॉलरच्या पुढे आहे. तिथे दहा हजारात चालती, सहा माणसं बसतील अशी, व्ही-८ इंजिनाची गाडी मिळते. असं का? याचं उत्तर शोधताना मी गाड्यांपेक्षा कायद्यांचंच जास्त वाचलं. ते इथे मांडतो. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

आपल्याकडे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना इम्पाला हा शब्द सिनेमामुळे माहीत आहे. बंगला, जिना, ड्रेसिंग गाऊन घातलेला बाप आणि पोर्चमध्ये इम्पाला. अमेरिकेत याच्या बरोबर उलट होतं. १९६५ या एका वर्षात तिथे दहा लाखांहून जास्त इम्पाला विकल्या गेल्या. साधी चार दारांची इम्पाला पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळायची आणि मधल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ६,९०० डॉलर होतं. म्हणजे साधारण पाच महिन्यांच्या कमाईत गाडी. ती घेणारा शाळामास्तर होता, प्लंबर होता, कारखान्यातला फोरमन होता. सव्वापाच मीटरच्या वर लांबीची ती गाडी तिथल्या सामान्य माणसाची होती.

आपल्याकडे ती श्रीमंताची का झाली, तर त्यातही सरकारी धोरण आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. फोर्डही मुंबईत होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. पुढे १९५३ मध्ये भारत सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवायचा कार्यक्रम द्या. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. त्यानंतर नवी अमेरिकन गाडी म्हणजे परवाना आणि जबर जकात. दूतावासांनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायचं, त्याही पैसेवाल्यांकडेच जायच्या. म्हणून आपल्या डोक्यात इम्पाला म्हणजे शेठची गाडी.

आता अमेरिकेतल्या त्या शाळामास्तराकडे परत येऊ. त्याला एवढी मोठी गाडी परवडायची कशी?

तीन-चार गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, हप्ते. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. दुसरी, पगार. १९५० मध्ये मोटार कामगारांच्या संघटनेने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. त्यात पेन्शन होतं, आरोग्य विम्यातला वाटा होता आणि महागाई वाढली की पगार वाढेल अशी सोय होती. बाकीच्या कंपन्यांनी तोच नमुना उचलला. गाडी बनवणारा माणूस गाडी विकत घेऊ लागला. तिसरी, रस्ते. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१ हजार मैलांचं, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटरचं जाळं मंजूर केलं आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला. चौथी, तेल. १९७२ मध्ये पेट्रोल गॅलनला ३६ सेंटच्या आसपास होतं. पावणेचार लिटरचे ३६ सेंट! लिटरला किती किलोमीटर जाते हे विचारायची गरजच कुणाला पडत नव्हती.

हे सगळं ऐकताना अमेरिकेचा सुवर्णकाळ वाटतो. पण त्या रस्त्यांखाली काय गेलं तेही बघायला हवं. खुद्द डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या होत्या. दुकानं, चर्च, जॅझचे क्लब, सगळं तिथे. "शहर सुधारणे"च्या नावाखाली आणि महामार्गासाठी त्या पाडल्या गेल्या. त्या जागेवरून जो रस्ता गेला त्याला नाव दिलं गेलं क्रायस्लर फ्रीवे. भाचा कधीकधी त्याच रस्त्याने ऑफिसला जातो, त्याला हे माहीत नव्हतं.

आणि याच गाड्यांची दुसरीही बाजू आहे. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस लोक कामावर गेले कसे? बरेच चालत गेले, आणि बाकीच्यांसाठी सुमारे तीनशे खासगी गाड्यांची व्यवस्था उभी केली गेली. ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. विरोधकांनी त्या गाड्यांचे विमे रद्द करवले तेव्हा लंडनहून विमा मिळवला गेला. पुढच्या बाकावर तिघं, मागे तिघं बसवणारी मोठी गाडी ही तिथे चैन नव्हती. बसमध्ये मागे उभं राहायचं नाही, हे सांगायचं ते साधन होतं.

तर ही होती "मोठी सेडान". खरं म्हणजे १९६० पर्यंत तिला वेगळं नावच नव्हतं. गाडी म्हणजे एवढीच. छोट्या अमेरिकन गाड्या आल्यावर हिला "फुल साइज" म्हणायची वेळ आली.

मग ऑक्टोबर १९७३ उजाडला. अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल बंद केलं. कच्च्या तेलाचा पिंपामागचा भाव काही महिन्यांत तीन डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलरवर गेला. पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवस ठरवून पेट्रोल मिळू लागलं. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. त्या वर्षीच्या नव्या गाड्यांची सरासरी होती गॅलनला सुमारे १३ मैल, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटर.

डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा कायद्यावर सही केली. त्यात प्रत्येक कंपनीला सांगितलं गेलं, तुम्ही वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारची मिळून सरासरी १९७८ पर्यंत गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल झाली पाहिजे. लिटरमध्ये सांगायचं तर साडेसात आणि पावणेबारा किलोमीटर. नाही झाली तर दंड. कायदा चांगला होता. गरजेचाही होता.

त्याचा पहिला परिणामही चांगला झाला. १९७६ ची शेवर्ले कॅप्रिस ५.६६ मीटर लांब होती. आपल्या वॅगनआरपेक्षा दोन मीटर जास्त! १९७७ ची नवी कॅप्रिस जवळजवळ २७ सेंटिमीटरने आखूड आणि तीनेकशे किलोने हलकी झाली. आतली जागा मात्र कमी झाली नाही, मागच्या सीटवर पाय पसरायला उलट जास्त झाली. लोकांनी ती भरभरून घेतली. म्हणजे नियम आला म्हणून गाडी वाईट झाली असं झालं नाही. कंपनीने मनावर घेतलं तर जमत होतं.

पण घाईत केलेले प्रकारही झाले. गॅलनमागे मैल वाढवायचे म्हणून जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल व्ही-८ आणलं, १९७८ ते १९८५. हेडचे बोल्ट टिकायचे नाहीत, पाणी शिरून इंजिन जायचं. एका पिढीचा डिझेल कारवरचा विश्वास त्याने उडवला. १९८१ मध्ये कॅडिलॅकने गरज नसेल तेव्हा आठातले दोन किंवा चार सिलिंडर आपोआप बंद करणारं इंजिन काढलं. कल्पना आजही वापरतात, पण तेव्हाचा संगणक त्या लायकीचा नव्हता. भाच्याला पहिला सल्ला इथूनच दिला: या दोन इंजिनांची गाडी फुकट मिळाली तरी दोनदा विचार कर.

आता खरी गोम. कायदा "कार"साठी होता. "लाइट ट्रक"साठी वेगळा आणि सैल आकडा ठेवला. कारण काय, तर शेतकरी, सुतार, बांधकामवाले यांना ट्रक लागतो, त्यांच्यावर बोजा नको. कारण रास्त होतं. पण ट्रक म्हणजे काय? माल ठेवायला सपाट मजला करता येत असेल किंवा फोर व्हील ड्राइव्ह आणि जमिनीपासून पुरेशी उंची असेल, तर तो ट्रक. या व्याख्येत १९८४ च्या मिनिव्हॅन बसल्या. जीप चेरोकी बसली. १९९० नंतर फोर्ड एक्सप्लोरर बसली. पुढे तर पीटी क्रूझर नावाची छोटीशी पाच दारांची गाडी, जिला कुणीही कारच म्हणेल, सीट काढून सपाट मजला होतो म्हणून या हिशेबात ट्रक ठरली. १९९६ ते २००४ या काळात कारचा आकडा साडेसत्तावीस होता आणि लाइट ट्रकचा २०.७.

त्यात कराची भर. १९७८ च्या कायद्याने पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर जादा कर बसला, पण फक्त कारवर. ट्रक आणि एसयूव्ही मोकळ्या. २००३ मध्ये व्यवसायासाठी घेतलेली, वजनाची ठरावीक मर्यादा ओलांडणारी गाडी एक लाख डॉलरपर्यंत पहिल्याच वर्षी खर्चात टाकायची मुभा मिळाली. डॉक्टर, वकील, इस्टेट एजंट सगळे अजस्र एसयूव्हीत बसू लागले. आणि परदेशी पिकअप ट्रकवर तर १९६४ पासूनच २५ टक्के जकात होती. ती कशावरून लागली माहितीय? युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा सूड म्हणून! कोंबडीचं भांडण मिटलं, जकात राहिली. त्यामुळे अमेरिकन कंपन्यांना ट्रकमध्ये स्पर्धा कमी आणि नफा भरपूर.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. मोठी सेडान विकली तर कारची सरासरी बिघडते. तेच इंजिन, तेवढंच वजन उंच डब्यात घालून एसयूव्ही म्हणून विकलं तर ती सैल खात्यात जाते आणि पैसेही जास्त मिळतात. तुम्ही काय कराल?

त्यांनी तेच केलं. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात कॅप्रिस, ब्यूक रोडमास्टर, कॅडिलॅक फ्लीटवुड बनायच्या. १९९६ च्या डिसेंबरात त्या बंद केल्या आणि तोच कारखाना मोठ्या एसयूव्हींसाठी लावला. लक्षात घ्या, मोठी गाडी बंद झाली नाही. तिचं खातं बदललं, नाव बदललं, उंची वाढली. पेट्रोल वाचवायला केलेल्या कायद्याने मोठी सेडान मारली आणि तिच्या जागी तिच्याहून जड गाडी आणली. लोकांनाही उंच गाड्या आवडल्या हे खरं, सगळा दोष कायद्याचा नाही. पण दार कायद्याने उघडून दिलं होतं.

फोर्डने वेगळीच शक्कल लढवली. हिशेबात देशी आणि आयात गाड्यांची सरासरी वेगवेगळी धरत. देशी भाग ७५ टक्क्यांच्या खाली गेले की गाडी "आयात" धरली जायची. १९९२ च्या सुमारास फोर्डने क्राउन व्हिक्टोरियाचे काही भाग बाहेरून घेऊन तिला आयात खात्यात ढकललं, म्हणजे देशी खात्याची सरासरी सुधारली. पोलीस, टॅक्सी आणि निवृत्त आजोबा यांची ती गाडी, अमेरिकनांत अमेरिकन, ती कागदावर विदेशी झाली! ही युक्ती, पोलीस खात्यांची मागणी आणि टॅक्सीवाले यांच्या जोरावर ती, तिची बहीण मर्क्युरी ग्रँड मार्की आणि लिंकन टाउन कार टिकून राहिल्या. २०११ च्या सप्टेंबरात कॅनडातल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली आणि तो कारखानाही बंद झाला. पुढे २०१८ मध्ये फोर्डने अमेरिकेत सेडान विकणंच थांबवायचं जाहीर केलं. २०२० मध्ये शेवटची इम्पाला निघाली. प्लिमथ, ओल्ड्समोबिल, पाँटियाक, मर्क्युरी ही नावंही या वीस वर्षांत पुसली गेली.

मग चार दारांची स्वस्त का, दोन दारांची महाग का?

जुन्या गाडीची किंमत आठवणींवर ठरते, आणि आठवणींमध्ये लोक स्वतःला तरुण बघतात. पैसे हातात आल्यावर माणूस आपल्या तरुणपणी जी मिळाली नाही ती गाडी घेतो. उघड्या छताची, दोन दारांची, वेगवान. बाप ज्यातून शाळेत सोडायचा, आजी ज्यातून चर्चला जायची, ती चार दारांची कुणाच्या स्वप्नात नसते. शिवाय ती लाखांनी बनली, म्हणून कुणी जपली नाही. वापरली, पोरांना दिली, मोडीत घातली. कित्येक चार दारांच्या गाड्या तर केवळ दोन दारांच्या गाडीला काचा, पत्रे, इंजिन मिळावं म्हणून कापल्या गेल्या. संग्रहालयात स्पोर्ट्स कार असतात. ज्या गाडीने देश रोज कामाला नेला तिला तिथे जागा कमीच.

ज्याला खरोखर चालवायलाच गाडी हवी आहे त्याच्या हे पथ्यावर पडतं.

भाच्याला मी सालवार जे सांगितलं ते थोडक्यात देतो. तिथे कुणी नातेवाईक असेल तर उपयोगी पडेल.

१९६४ पर्यंतच्या गाड्यांचं नाव काढू नकोस. पंख्यासारख्या शेपट्या, चकचकीत क्रोम, सगळं सुंदर, पण किंमत तशीच.

१९६५ ते १९७० मध्ये साधी, दारांच्या मध्ये खांब असलेली सेडान बघ. खांब नसलेल्या हार्डटॉपपेक्षा ती स्वस्त. पण १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दुहेरी आलं.

१९७१ ते १९७६ च्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात खादाड. १९७३ पासून धक्का सोसणारे जाड बंपर कायद्याने आले, ते बघून साल ओळखता येतं. जाहिरातीतली हॉर्सपॉवर बघून फसू नकोस. १९७१ पर्यंत सुट्या इंजिनाची मोजायचे, १९७२ पासून गाडीत बसवलेल्या इंजिनाची. आकडा एका वर्षात घसरलेला दिसतो त्याचं निम्मं कारण मोजणी आहे.

१९७७ ते १९९० ची कॅप्रिस किंवा इम्पाला तुझ्या बजेटला सगळ्यात योग्य. शेवर्लेचं व्ही-८ १९५५ पासून एकाच घराण्याचं, त्यामुळे भाग स्वस्त आणि कुठेही मिळतात. डिझेल मात्र नको.

१९९१ नंतरच्या कॅप्रिसला चालकाची एअरबॅग आणि एबीएस आहे. कुटुंबाला घेऊन फिरणार असशील तर ही किंवा क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्की. फोर्डच्या ४.६ लिटर इंजिनात काही वर्षं प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड होता, तो तडकायचा, बदललाय का ते विचार. पोलिसांकडून लिलावात आलेली गाडी किलोमीटरपेक्षा जास्त झिजलेली असते, इंजिन तासन् तास उभ्या जागी चालू असतं. बऱ्याच राज्यांत २५ वर्षांची गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदवता येते, म्हणजे १९९० च्या दशकातल्या सगळ्या त्यात बसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गंज. मिशिगनला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. वरून रंग झकास आणि खाली चासी चाळण, असं हमखास असतं. जमिनीवर आडवा पडून टॉर्च मारून बघायचं. कोरड्या राज्यातली, ॲरिझोनासारखी, गाडी दोन पैसे जास्त देऊन घ्यावी.

"पण मामा, मोठी आणि जड गाडी सेफ असते ना?" हा त्याचा प्रश्न होता. आपल्याकडेही हाच समज आहे, म्हणून सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ ची चार दारांची शेवर्ले बेल एअर आणि २००९ ची शेवर्ले मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. जुनी गाडी लांबीरुंदीला दणकट दिसणारी. तिचा पुढचा भाग चालकाच्या जागेत घुसला, चालक वाचलाच नसता. मालिबूच्या चालकाच्या पायाला थोडी दुखापत झाली असती. मधल्या पन्नास वर्षांत पत्रा जाड झाला नाही, कायदे झाले. राल्फ नेडर यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं, १९६६ मध्ये वाहन सुरक्षा कायदा झाला, १९६८ पासून सीटबेल्ट सक्तीने बसवले गेले. म्हणजे ज्या कायदेमंडळाने एका हाताने पळवाट ठेवली, त्याच कायदेमंडळाने दुसऱ्या हाताने लाखो जीव वाचवले. "सरकारने गाड्यांच्या भानगडीत पडू नये" असं म्हणणाऱ्यांनी हा व्हिडिओ जरूर बघावा.

आता हे सगळं मी आपल्या लोकांना का सांगतोय?

कारण आपणही तेच करतोय. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. हेतू चांगला, छोट्या गाड्यांना उत्तेजन. लगेच २००८ मध्ये आपल्या पुण्यातून टाटांची इंडिगो सीएस आली, म्हणजे इंडिगोचीच डिकी कापून चार मीटरच्या आत बसवलेली. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरची डिकी कापून लांबी ३,९९५ मिलिमीटर झाली. जगात कुठे न दिसणारा "शेपूट कापलेली सेडान" हा प्रकार आपल्या करखात्याने जन्माला घातला. पुढे त्याच चार मीटरच्या चौकटीत उंच डबे बसवून "कॉम्पॅक्ट एसयूव्ही" आल्या. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त एसयूव्ही किंवा तत्सम आहेत. छोटी, हलकी, चार-पाच लाखांतली गाडी, जी स्कूटरवरच्या चौघांना पावसातून घरात आणायची, ती मागे पडली.

आपल्याकडेही कंपनीनिहाय सरासरीचे इंधन नियम २०१७ पासून आहेत. त्यात गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर उद्दिष्ट थोडं सैल होतं. २०२७ पासून लागू व्हायच्या पुढच्या टप्प्यात हलक्या छोट्या गाड्यांना वेगळी सवलत असावी का, यावर कंपन्यांमध्ये जाहीर वाद झाला. पेपरात ही बातमी आतल्या पानावर, उद्योग विभागात येते. आपण ती वाचत नाही. पण पंधरा वर्षांनी आपल्या पोरांना कुठली गाडी परवडेल, सोसायटीच्या गेटमधून कुठली आत येईल, गल्लीत पायी चालणाऱ्याला किती जागा उरेल, हे त्या आतल्या पानावर ठरतंय. तिकडे अमेरिकेने २०२५ मध्ये आपल्या नियमाचा दंडच शून्य करून टाकला. नियम कागदावर आहे, मोडला तर काही होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम हवेतच. पण "कार" आणि "ट्रक", "चार मीटर" आणि "सव्वाचार मीटर" अशा रेषा आखताना त्या रेषेच्या पलीकडे काय उगवेल याचा विचार आधी करायला हवा, आणि दहा वर्षांनी ती रेषा पुन्हा तपासायला हवी. अमेरिकेने ती तपासायला फार उशीर केला.

भाच्याचं काय झालं? त्याने दोन गाड्या नाकारल्या. एकीची चासी हाताने दाबली तर पापडासारखा पत्रा सुटून आला म्हणे. येत्या शनिवारी तो १९८७ ची एक कॅप्रिस बघायला चाललाय. एकाच घरात राहिलेली, निळी, चार दारांची. मालकीणबाई ८१ वर्षांच्या आहेत. नवऱ्याने ती नवी घेतली होती, तो कारखान्यातून निवृत्त झाला त्या वर्षी. भाव नऊ हजार सांगितलाय. "घासाघीस करू का?" म्हणून विचारत होता. मी म्हटलं, आधी खाली वाकून बघ, मग त्यांच्याकडे बसून चहा-कॉफी घे, त्या गाडीची गोष्ट ऐक, आणि मग काय ते ठरव.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कुणाच्या मालकाकडे, गावातल्या डॉक्टरांकडे किंवा एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात डॉज, प्लिमथ, शेवर्ले होती का? कुर्ल्याच्या किंवा शिवडीच्या कारखान्यात कुणाचे आजोबा कामाला होते का? असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फोटो असतील तर अजून छान. या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, तुमच्या आठवणी एकत्र करून पुढची पोस्ट लिहायचा विचार आहे.